सोंगटीवरचा आकडा

जुन्या मराठीत फौज ‘मोडते’. मोडते म्हणजे सगळी माणसं मेली असं नव्हे, त्यांचा धीर सुटला. इंग्रजी युद्धखेळांतही नेमका हाच शब्द वापरतात हे कळलं तेव्हा मला मोठी गंमत वाटली.

माझा एक मावसभाऊ बोटीवर आहे. मागच्या रजेवर येताना त्याने ‘ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ या खेळाची पेटी आणली. खेळ १९८५ सालचा, विषय दुसरं महायुद्ध. नियमांचं पुस्तक असं की आमच्या सरकारी सेवानियमांनी लाजावं. कलम, पोटकलम, अपवाद, अपवादाला अपवाद. मला तर घरी आल्यासारखंच वाटलं!

पटावर षट्कोनी घरं आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या. सैनिकांच्या सोंगटीवर तीन आकडे असतात: मारा, पल्ला आणि शेवटचा मनोधैर्याचा. दूरच्या तोफखान्याचे गोळे पडले की कोष्टक पाहायचं. ते दर वेळी ‘मेले’ म्हणत नाही. पुष्कळदा ‘धीराची परीक्षा घ्या’ म्हणतं. मग दोन फासे टाकायचे. बेरीज आकड्याच्या वर गेली तर सोंगटी उलटी करायची. मोडली. तोफेवरची टोळी मोडली की तोफ धडधाकट असूनही मुकी. एच. जी. वेल्सच्या १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्येही तोफेजवळ चार सैनिक नसले तर ती डागता येत नाही, पण त्याचे खेळण्यातले सैनिक फक्त पडतात, घाबरत कधीच नाहीत.

या खेळात साध्या जर्मन बंदूकधारी तुकडीचा आकडा ७ आहे आणि तोफेवरच्या टोळीचा ८. एकाने असा काय फरक पडतो? दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ७ किंवा त्याहून कमी येण्याच्या २१, आणि ८ किंवा कमी येण्याच्या २६. म्हणजे साध्या परीक्षेत तुकडी शंभरात ५८ वेळा टिकते, टोळी ७२ वेळा.

‘दादा, तोफेवर निवडक माणसं घालतात, म्हणून,’ भाऊ म्हणाला. मला ते पुरेसं वाटत नाही. एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन लष्करी लेखकाने १९४७ च्या ‘मेन अगेन्स्ट फायर’मध्ये लिहिलं, की लढाईत फार थोडे सैनिक गोळी झाडतात, पण अनेकांनी मिळून चालवायच्या शस्त्रावरचे मात्र झाडतात. त्याच्या टक्केवारीवर पुढे इतिहासकारांनी सडकून टीका केली, तेव्हा ती सोडून देऊ. दुसरी गोष्ट मात्र मनाला पटते. खड्ड्यात एकटाच पडलेला बंदूकवाला घाबरला तर कोण पाहतो? तोफेवर एक गोळा आणतो, एक भरतो, एक नेम धरतो. एकाने हात आखडला की बाकीच्यांना तत्क्षणी कळतं. रांपण ओढणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तो जास्तीचा एक कुणा एकाच्या छातीत नसतो, त्या चारपाच जणांच्या मध्ये कुठेतरी असतो.

मला खटकतं ते वेगळंच. हा ८ छापील आहे. पहिला गोळा पडताना ८, चाळिसावा पडतानाही ८. फासे फारच वाईट पडले तर सोंगटीचा दर्जा उतरवणारा नियम आहे, पण तो एका फेकीचा हिशोब, साचत गेलेल्या थकव्याचा नव्हे. पहिल्या महायुद्धात खंदकांत डॉक्टर असलेले आणि पुढे चर्चिलचे वैद्य झालेले लॉर्ड मोरन यांनी १९४५ च्या ‘द ॲनाटॉमी ऑफ करेज’मध्ये धैर्याला माणसाची शिल्लक मानलं आहे. युद्धात ती रोज खर्च होते. भविष्य निर्वाह निधीची खाती सांभाळणाऱ्याला हे लगेच उमगतं. नुसतं काढत राहिलं की खातं एक दिवस शून्यावर येतं, मग खातेदार कितीही सज्जन असो.

हे वाचताना गोंयकाराला १८ डिसेंबर १९६१ आठवणारच. मुरगाव बंदरात भारतीय नौदलाच्या ‘बेटवा’ आणि ‘बियास’ यांनी ‘अफोन्सो द आल्बुकेर्क’वर मारा केला. जहाजाच्या वर फुटलेल्या गोळ्याने पोर्तुगीज कप्तान आरागांव गंभीर जखमी झाला. खेळात नायक असा पडला की त्याच्या हाताखालच्यांना ताबडतोब फासे टाकावे लागतात. इथे दुसऱ्या अधिकाऱ्याने सूत्रं घेतली, तोफा चालूच राहिल्या, आणि जहाज बांबोळीच्या किनाऱ्यावर चढवलं गेलं. लहानपणी आम्ही ऐकलं ते ‘पाखले पळाले’ एवढंच. गोवा मुक्त झाला याचा आनंद मला कुणापेक्षा कमी नाही. पण त्या डेकवरचे गोलंदाज पळाले म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही.

त्या लढाईचा पट मी घरीच आखतो आहे. जहाजांसाठी नियम बरेच बदलावे लागले. पाखल्यांच्या तोफांवर मी ८ लिहिला आहे. भावाचं म्हणणं, ६ पुरे. त्याची रजा संपली, तो बोटीवर गेला. वाद अजून फोनवर चालू आहे.