ओनेच्या दारावरची एकतीस माणसं

पहा, पहा, प्रत्येक दगड पहा! ओनेच्या चर्चच्या दक्षिण दारासमोर उभं राहिल्यापासून मला हेच ओरडून सांगावंसं वाटतंय. पश्चिम फ्रान्सच्या सैंतोंज भागात, गावाबाहेर, जुन्या दफनभूमीतल्या सायप्रसच्या झाडांमध्ये संत पीटरचं हे चर्च उभं आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, अस्सल रोमनेस्क. आणि इतकी वर्षं मला त्याचं नावही ठाऊक नसावं!

दारावर एकाबाहेर एक अशा चार कमानी आहेत. कमान म्हणजे पाचरीसारखे कापलेले दगड एकमेकांना रेटून धरतात, हे मी शाळेत शिकलो होतो. इथे त्या रेट्याचंच शिल्प झालंय! तिसऱ्या कमानीत मुकुट घातलेली, हातात वाद्यं घेतलेली माणसं आहेत. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले हे वडीलधारे. पुस्तकात ते चोवीस, इथे मात्र एकतीस! एका दगडाला एक माणूस, आणि कमान पुरी व्हायला माणसं जास्त लागली, तर शिल्पकारानं ती बेधडक वाढवली. सर्वांत बाहेरच्या कमानीत चित्रविचित्र प्राण्यांची झुंबड उडालीय, त्यांत चक्क वीणेसारखं तंतुवाद्य वाजवणारं गाढव! पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर तर खुद्द पीटर, उलटा क्रूसावर चढवलेला.

आत शिरलो आणि डोळे सरावेपर्यंत खांबाला हात लावून थांबलो. मधल्या दालनाच्या दगडी छताचा भार भिंतींना बाहेर ढकलतो, म्हणून त्या जाडजूड ठेवल्यात आणि वर खिडक्याच नाहीत. बहुतेक उजेड बाजूच्या दालनांतून येतो, आधी खांबांवर पसरतो आणि मग अंधाऱ्या छताकडे चढतो. त्या उजेडात एका खांबाच्या माथ्यावर मला तीन हत्ती दिसले. वर लॅटिनमध्ये कोरलंय, ‘हे हत्ती आहेत’. शिल्पकारानं बहुधा हत्ती कधी पाहिलाच नसावा, तरी सोंडा कशा ऐटीत लोंबताहेत! गणपतीच्या मुलखातून आलेल्या मला आनंदानं हसूच फुटलं.

सैंतोंजमध्ये अशी रोमनेस्क चर्च शेकडो आहेत, बहुतेक लहानशा गावांत. फ्रान्सला जाल तेव्हा मोठ्या शहरांतली कॅथीड्रलं जरूर पहा, पण एक दिवस या गावांसाठी ठेवाच. दाराशी थांबा आणि कमानीचा एकेक दगड मोजत वर जा. घडवणाऱ्यानं त्यातला एकही रिकामा सोडलेला नाही!