पुढची भिंत

गेल्या आठवड्यात प्रोस्टेटच्या कॅन्सरला रेडिएशनचा शेक देण्याआधीच्या प्लॅनिंग स्कॅनच्या टेबलावर झोपलेल्या काकांना माझ्या रेसिडेंटने उठवलं. उशीर का होतोय म्हणून मी फोन केला. "मॅडम, मलाशयात गॅस आहे. संडासला जाऊन या म्हटलंय." बाहेर चार पेशंट खोळंबले होते. तरी मी गप्प राहिले. पंधरा वर्षांपूर्वी असंच टेबलावर झोपलेल्या एका काकांना मी उठवलं नव्हतं.

मूत्राशय सांगितलेलं ऐकतं. अर्धा लिटर पाणी प्यायला लावून पाऊण तास बसवलं, की ते भरून आतड्यांना वर सारतं. मलाशय ऐकत नाही. आदल्या रात्री मटकीची उसळ झाली, की सकाळी पडद्यावर काळा फुगा. तो पुढच्या भिंतीला रेटतो, भिंत प्रोस्टेटला. कधी कधी सेंटिमीटरभर. आणि मागच्या बाजूला आम्ही मार्जिन ठेवतो पाच मिलिमीटर.

पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या काकांचं मलाशय फुगलेलं होतं. तारीख ठरलेली होती, मशीन मिळालं होतं. ७४ ग्रे डोस, ३७ बैठका. फुगलेल्या मलाशयाची मागची भिंत लांब जाते, त्यामुळे जास्त डोस घेणाऱ्या भागाची टक्केवारी आपोआप घटते आणि डोसचा आलेख देखणा दिसतो. हे मला ठाऊक होतं. तरीही तो आलेख मी शहरातल्या एका बैठकीत दाखवला आणि शाबासकी घेतली. फुगलेल्या मलाशयावर प्लॅन केला तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे सांगणारा ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसनचा २००५चा पेपर माझ्याच कपाटात होता, खुणा करून ठेवलेला.

पुढे गॅस ओसरला, प्रोस्टेट मागे सरकली. आम्ही रोज प्रोस्टेट न बघता हाडं जुळवत राहिलो. चार वर्षांनी रक्तातला पीएसए चढू लागला, आजार उलटला. मलाशय मात्र धडधाकट. "संडासचा काही त्रास नाही हो, तुमची कृपा," असं ते दर दिवाळीला फोनवर सांगतात. हार्मोनची इंजेक्शनं अजून चालू आहेत.

हल्ली प्रोस्टेट आणि मलाशयाच्या मध्ये जेल भरतात. सेंटिमीटरभर अंतर मिळतं, सहाएक महिन्यांत ते विरघळतं. चांगली गोष्ट आहे. पण जेल भरलं म्हणजे रोजचा स्कॅन नीट बघायला नको, असं मानणारे माझ्या व्यवसायात वाढलेत, त्यांचा मला राग येतो. अवयवांचे कंटूर आता संगणक मिनिटभरात काढतो. ते एकेका स्लाइसवर तपासणारे डोळे कमी झालेत. एके काळी ३७ दिवस चालणारा शेक आज २० दिवसांत होतो, काही ठिकाणी ५ दिवसांत. पाचातला एक दिवस गॅसने खाल्ला तर काय उरतं?

काका वीस मिनिटांनी परत आले. पुन्हा स्कॅन झाला. मी खालून वर एकेक स्लाइस सरकवत गेले. भिंत सपाट, सपाट, आणि प्रोस्टेटच्या ऐन मागे अंगठ्याएवढी काळी पोकळी. रेसिडेंट माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काका," मी आत जाऊन म्हटलं, "उठा. अजून एकदा."