चेंडू तोच, माती वेगळी

क्रिकेट मी शिकलो ते वावरात. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी मैदान नाही. पराट्या उपटल्या, की नाल्याकाठच्या वावराचा एक पट्टा आम्ही पोरे पाणी मारून, धुमसाने ठोकून काढायचो. चार दिवसांत काळी माती दगडासारखी व्हायची आणि पुढे उन्हाने तिला भेगा पडायच्या. टेनिसचा चेंडू भेगेच्या कडेवर आदळला, की फलंदाजाच्या कानाजवळून जायचा. भेगेत पडला, की सरपटत यष्टीवर. मी आपला आखूड टप्प्यावर जोरात टाकायचो, उरलेले काम जमीन करायची. बळी मात्र माझ्या नावावर!

ही कीर्ती घेऊन मी गेल्या वर्षी यवतमाळला आलो. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. सरावाच्या पहिल्या दिवशी हातात लेदरचा चेंडू आला. टेनिसच्या चेंडूच्या जवळजवळ तिप्पट जड, मधोमध उंच शिवण. समोर काथ्याची मॅट. मॅटला भेगा नसतात; चेंडू पडेल तिथून एकसारखा, भरपूर उसळतो. माझा आखूड चेंडू आरामात कमरेपर्यंत यायचा आणि फलंदाज तो कट करायचा. सहा चेंडूंत चार चौकार गेले. कोणीतरी हसले. त्याच आठवड्यात वर्गात माझ्या वऱ्हाडी बोलण्यावरही हशा पिकला होता. दोन्हींची मी मनाशी एकच बेरीज केली : ही जागा आपली नव्हे.

दिवाळीला घरी गेलो तो परत न येण्याच्या विचाराने. कापसाचा वेचा चालू होता. बाबांनी क्रिकेटचा चेंडू कधी हातात धरलेला नाही. वेचता वेचता त्यांनी सारे ऐकले आणि म्हणाले, "अबे, वरचं वावर बरड, नाल्याकडचं भारी. बी एकाच थैलीतलं. मंग दोन्हीकडे सारखंच लावतो काय मी? बरडात झाड वाढत नाही, तिथं जवळ जवळ लावतो. भारीत माजते, तिथं अंतर ठेवतो. बी नाही बदलवत, अंतर बदलवतो."

मी परत आलो. सरांनी मॅटवर खडूने एक रेघ ओढून दिली, माझ्या जुन्या टप्प्याच्या बरीच पुढे. शिवण सरळ धरून तिथे टाकू लागलो. हळूहळू चेंडू बॅटीची कड शोधू लागला.

पुढे वाचनात आले, की मातीपुढे मोठमोठेही चुकतात. २००४ साली नागपूरच्या हिरव्या खेळपट्टीवर ऑस्ट्रेलियाने आपल्याला ३४२ धावांनी हरवले. २०१५ साली जामठ्याला फिरकीपुढे दक्षिण आफ्रिका ७९ धावांत गारद झाली. सामना तीन दिवसांत संपला. आणि खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव टेनिसच्या चेंडूवर खेळत खेळत उशिरा लेदरकडे वळला, तरी २०११ साली कसोटी खेळला.

मी अजून संघात बारावाच आहे. वर्गात उत्तर देण्यापूर्वी अजूनही क्षणभर थांबतो. पण ते आता भीतीने नव्हे. बाबांसारखे आधी वावर पाहून घेतो, इतकेच.