पानझडीचा मुलूख

सोलापूरच्या माणसाला अरण्याविषयी विचारले, तर तो आंबोलीचे, महाबळेश्वराचे किंवा फार तर मेळघाटाचे नाव घेतो. आपल्या वाट्यालाही अरण्य आले आहे, हे सहसा त्याच्या मनात येत नाही. यात त्याचा दोष थोडा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या मुलखाला वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस मिळतो, आणि तोही मृगाला हुलकावणी देऊन पुष्कळदा उत्तरा-हस्तांत बरसतो. वैशाखात पारा 42 अंशांच्या पुढे सरकतो. आणि अरण्य म्हणजे हिरवे, ओले, सदा सावलीचे, ही कल्पना आपल्या मनात इतकी पक्की झालेली असते की, माघ-फाल्गुनात उघडी पडलेली झाडे दिसली म्हणजे ती वठली असे समजून आपण पुढे चालू लागतो. या देशाच्या वनक्षेत्रात मोठा वाटा पानझडी अरण्यांचाच आहे. त्यांतील सर्वांत रुक्ष, सर्वांत काटकसरी आणि म्हणूनच मला सर्वांत जिव्हाळ्याचे वाटणारे अरण्य आमच्या बाजूचे.

पान टाकणारे झाड वर्षाचा जमाखर्च मिटवीत असते. पान हे झाडाचे अन्न सिद्ध करणारे अंग खरे, परंतु त्याच्या पृष्ठावरील सूक्ष्म रंध्रांतून दिवसभर बाष्प निघून जाते, आणि दिवाळीनंतर जमिनीतील ओल जसजशी खोल उतरते, तसतसा हा खर्च मुळांच्या वसुलाबाहेर जाऊ लागतो. अशा वेळीही झाड घाई करीत नाही. प्रथम पानातील हरितद्रव्याचे विघटन होते. जे नत्र आणि जे स्फुरद या उथळ, मुरमाड जमिनीतून मिळवायला अवघा पावसाळा खर्ची पडला, त्याचा मोठा हिस्सा डहाळीत परत जमा होतो. मग देठाच्या बुडाशी नाजूक पेशींचा एक पापुद्रा तयार होतो, आणि त्यानंतर वाऱ्याच्या पहिल्या झुळुकीला जे पान गळून पडते, ते शिल्लक काढून घेतलेले पान असते. धावड्याची किंवा पळसाची एखादी डहाळी हातात धरून निरखावी. पान जिथून सुटले, तिथे एक लहानसा वण दिसतो, वरून कोरडा, कडेने नीट बुजलेला. आणि त्या वणाच्या अगदी वर, खवल्यांच्या आवरणात मिटलेला, पुढच्या पानाचा डोळा असतो. ही तजवीज पान गळण्यापूर्वीच झालेली असते.

ज्या पळसाला कुठेही गेले तरी पाने तीनच अशी म्हण आपल्या तोंडी बसली आहे, त्या पळसावर फाल्गुनात बहुधा एकही पान उरत नाही, आणि त्याच निष्पर्ण देहावर तो फुलांचा असा काही वर्षाव करतो की, बार्शी-वैरागच्या बाजूला एखाद्या ओढ्याकाठी उभा असलेला एकटा पळस मैलभर अंतरावरून ओळखावा. त्या दिवसांत पाने नसण्यातही फायदा आहे, कारण फूल पाखरांच्या दृष्टीस निर्वेध पडते. एक फूल खुडून पाहिले, तर काळसर मखमलीच्या वाटीतून केशरी पाकळ्या बाहेर पडलेल्या दिसतात, आणि त्यांतील एक वाकडी, चोचीसारखी पाकळी पुंकेसरांना पोटाशी घेऊन असते. पाखराने मधासाठी चोच आत खुपसली की, परागांची पूड त्याच्या कपाळाला किंवा गळ्याला चिकटते आणि ते पुढच्या झाडावर जाते. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, असे कितीतरी याचक या दारी येतात; परंतु सोलापूरकराला विशेष ओळखीच्या त्या भोरड्या, ज्यांना पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत पळसमैना म्हटले जाते. मध्य आशियातील गवताळ प्रदेशांत पिल्ले वाढवून त्या पावसाळा सरता सरता इकडे उतरतात, पौषात मालदांडी ज्वारीच्या कणसांवर त्यांचे काळे-गुलाबी थवे कोसळतात, आणि शेतकरी गोफण घेऊन त्यांच्याशी झुंजतो. तोच उपद्रवी पाहुणा फाल्गुनात पळसाच्या माथ्यावर बसून त्याच्या पुढच्या पिढीची सोय करतो, आणि चैत्र सरेपर्यंत उत्तरेकडे निघून जातो.

गळालेल्या पानांचे पुढे काय होते, याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. पाचोळ्याचा एक थर हलकेच उचलावा, तर वरची पाने कुरकुरीत आणि अखंड, त्याखालची शिरांची जाळी उरलेली, आणि त्याहीखाली ओलसर मातीचे एक पातळ कवच आढळते. हे कवच वाळवीने केलेले असते. त्याच्या आडोशाने ती दिवसाउजेडीही पान कातरते आणि तुकडे वारुळात नेते. तिथे त्या पालापाचोळ्यावर ती एक बुरशी वाढवते आणि तिच्यावर उपजीविका करते. रोहिण्या-मृगाचा पाऊस झाल्यावर वारुळांच्या अंगावर ज्या पांढऱ्या अळिंब्या वर येतात, त्या याच बुरशीची फळे होत. थंड देशांत जे काम गांडुळे आणि ओलावा मिळून करतात, त्याचा मोठा भार आमच्या कोरड्या अरण्यात वाळवीने उचलला आहे. याच पाचोळ्यावर, घरटे म्हणून एक काडीही न रचता, रातवा अंडी घालतो. त्याच्या पाठीवरची राखी-तपकिरी नक्षी वाळल्या पानांत अशी मिसळून जाते की, पावलाजवळून तो भरारा उडाल्याखेरीज तो तिथे होता हे कळत नाही. म्हणून बागांतून आणि रस्त्यांच्या कडेने पाचोळ्याचे ढीग पेटवलेले पाहिले की, मला मनापासून दुःख होते. त्या धुरात झाडाचे पुढल्या सालचे खत जाते, आणि शेकडो जीवांचा निवारा जातो.

या अरण्याची भाषा ज्याने महाराष्ट्राला शिकवली, तो लेखक सोलापूरचा असावा, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. मारुती चितमपल्ली 1932 साली याच शहरात जन्मले. वनखात्यातील छत्तीस वर्षांच्या नोकरीत नवेगाव, नागझिरा, मेळघाट अशा पानझडी वनांत ते राहिले. पाखरांची आणि झाडांची लोकांच्या तोंडची नावे त्यांनी निष्ठेने गोळा केली. 2006 साली सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, आणि जून 2025 मध्ये याच गावी त्यांनी देह ठेवला. बाभळी-हिवरांच्या आणि बोरी-निंबाच्या मुलखात ज्याचे बालपण गेले, त्याला पुढे मोठ्या अरण्याचे मौन परके वाटले नाही, असे मी समजतो.

मोठे म्हणता येईल असे अरण्य जवळ पाहायचे, तर बार्शीवरून येडशीकडे जावे. तो भाग आता धाराशिव जिल्ह्यात मोडतो; परंतु बालाघाटाची डोंगररांग दप्तरातील शिवेला ओळखत नाही. तिथल्या दरीत रामलिंगाचे देऊळ आहे, आणि रावणाशी झुंजून पडलेल्या जटायूची कथा भाविक तिथे सांगतात. भोवती सीताफळ, धावडा, आपटा, बेल, खैर यांचे रान उतरणींवर पसरलेले आहे. 1997 साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि विस्ताराने ते लहानच आहे. अशा लहान रानात डिसेंबर 2024 मध्ये एक वाघ येऊन दाखल झाला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा असल्याचे त्याच्या अंगावरील पट्ट्यांवरून ठरले. म्हणजे गावे, सडका, नद्या आणि पिके ओलांडून तो चारशेहून अधिक किलोमीटर चालत आला होता. पुढे त्याचा वावर बार्शी तालुक्यातही झाला, गुरे मारली गेली, माणसे धास्तावली, आणि ती धास्ती रास्तच होती. तथापि ज्या मुलखाला आपण रान म्हणूनही गणत नव्हतो, तिथे त्या जनावराला आडोसा सापडला, पाणी सापडले, आणि राहण्याजोगे काही दिसले, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. ओढ्यांच्या काठची झुडपे, टेकड्यांचे निष्पर्ण उतार, कुणाच्याच लागवडीखाली नसलेल्या पट्ट्या, यांच्याच आधाराने असा प्रवास होऊ शकतो.

या पट्ट्यांना महसुली दप्तरात पडीक, गायरान, पोटखराबा अशी नावे आहेत, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. जिथे आकार बसत नाही ती जमीन वाया गेली, हा समज जमाबंदीपासून चालत आला, आणि तिचे काहीतरी भले करावे या सद्हेतूने तिच्यावर झाडे लावण्याची मोहीम निघते. नान्नजच्या माळावर हे घडले. 1979 साली माळढोकासाठी जे अभयारण्य स्थापन झाले, त्याचा मूळचा विस्तार कागदोपत्री 8,496 चौरस किलोमीटर होता, इतका की त्यात गावे आणि शेतेही आली. आणि ज्या पक्ष्याची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते व चारी दिशांना लांबवर नजर जाईल अशीच जागा निवडते, त्याच्या माळरानावर गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे उभी राहिली. माळढोक आता तिथे क्वचितच दृष्टीस पडतो. काळवीट आहेत, खोकड आहे, लांडग्याचे कुटुंब अजून त्या गवतावर जगते. गवताचा माळ, काटेरी झुडुपांची उतरण आणि पानझडीचे रान ही एकाच पावसाने घडवलेली भावंडे होत. जिथे माती खोल आहे आणि ओल टिकते तिथे झाड, जिथे मुरूम वर आला आहे तिथे गवत, अशी त्यांनी आपसांत वाटणी केलेली आहे. या वाटणीत हात घालण्यापूर्वी मातीला विचारले पाहिजे.

आणि चैत्रात, जेव्हा वर्षातील सर्वांत कोरडे दिवस चालू असतात, विहिरी तळाला गेलेल्या असतात, तेव्हाच अनेक झाडे पालवू लागतात, याचे नवल मला दरवर्षी वाटते. पावसाची वाट न पाहता, बुंध्यात राखलेल्या आणि खोल मुळांनी ओढलेल्या पाण्यावर, ती तांबूस कोवळी पाने काढतात. दक्षिणेत मुदुमलाईच्या रानात मुरली आणि रामन सुकुमार या शास्त्रज्ञांनी 1993 साली दाखवून दिले की, कोरड्या ऋतूत लवकर पालवणाऱ्या झाडांची पाने पावसाळ्यात पालवणाऱ्यांपेक्षा किडींपासून अधिक वाचतात. पावसाबरोबर अळ्यांची झुंड उठेपर्यंत ही पाने जून होऊन राठ झालेली असतात. रामलिंगाला जायचे तर या पालवीच्या दिवसांत, सकाळी लवकर, पाण्याची सुरई बरोबर घेऊन जावे.