एकाच अक्षांशावर

दिवाळीत आमच्या घरी चकल्यांबरोबर आणखी एक पदार्थ तळला जातो. तो म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीचा बेत. चकल्या आठ दिवसांत संपतात. बेत होळीपर्यंत पुरतो. बहुधा तो महाबळेश्वरापासून सुरू होतो आणि माझ्या माहेरी येऊन थांबतो. यंदा मात्र तो एकदम वेस्ट इंडीजला जाऊन पोहोचला.

याला कारण आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे. वय वर्षे ७५. सारा जन्म श्रीवर्धनच्या नारळी-पोफळींत गेला. स्वतःसाठी त्यांनी कधी धोतरजोडीसुद्धा मागितली नाही. पण १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली, तेव्हा ते ऐन विशीत होते. त्या दौऱ्याची कात्रणे चिकटवलेली त्यांची एक वही आहे. गावसकरांच्या ७७४ धावा आणि सरदेसायांच्या ६४२ धावा त्यांना रामरक्षेसारख्या पाठ आहेत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री धाकट्याने सहज विचारले, "आजोबा, तुम्हांला कुठे जावेसे वाटते?" अण्णा हळूच म्हणाले, "पोर्ट ऑफ स्पेन." आणि लगेच, जणू कुणाचा धक्का लागून काही सांडले असावे तसे म्हणाले, "छे रे, उगीच आपले."

त्या "उगीच आपले"ने मला रात्रभर झोप लागली नाही.

शेजारच्या काकूंनी पहिलाच टोला दिला. "अगो, समुद्र बघायला समुद्र ओलांडायचा? दाराशी आहे तो काय खारट नाही?" यांनी पोस्टातल्या शिलकीचा हिशेब मांडला. माझ्या कादंबऱ्यांच्या मानधनात मुरुड-जंजिऱ्यापर्यंत जाऊन परत येता येईल, एवढे त्यांनी मान्य केले. बाकीचे चार वर्षांच्या बचतीतून, म्हणजे नव्या छपराच्या पैशांतून. छपराने आणखी दोन पावसाळे काढले असते. अण्णांचे गुडघे काढतील का, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही.

खरी अडचण पुढेच होती. त्रिनिदादहून येणाऱ्या प्रवाशाकडे पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला आपले सरकार मागते. हा रोग आपल्याकडे नाही. पण तो पसरवणारा डास आहे, म्हणून हा पहारा. साठी उलटलेल्या माणसाला ही लस पहिल्यांदा देताना, क्वचित का होईना, जिवावर बेतण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "अण्णांना मी टोचणार नाही." अण्णा घरी आले, वही कपाटात ठेवली आणि वाडीत शिंपणे करायला गेले. मुलांनी बेताचे नाव काढणे सोडले.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णाच वही घेऊन माजघरात आले. "सूनबाई, जमैकात हा ताप आहे का ग?" मी चौकशी केली. नाही. वाट मात्र पनामावरून नको, कारण तो देश दाखल्याच्या यादीत आहे. अण्णांचा चेहरा उजळला. "मग पहिली कसोटी किंग्स्टनलाच झाली होती! सबिना पार्क! पहिला दिवस पावसात गेला. पाच बाद ७५ आणि तिथून सरदेसायांनी २१२ काढल्या, सोलकर साथीला. वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला आपण!" एरवी अण्णा सबंध आठवड्यात एवढे बोलत नाहीत.

मग थोरलीने नकाशा उघडला. किंग्स्टन १८ अंश उत्तरेला आणि आमचे श्रीवर्धनही १८ अंशांवरच! बोट गावावर ठेवून सरळ पश्चिमेला सरकवायचे : अरबस्तान, आफ्रिकेचे वाळवंट, अटलांटिक आणि जमैका. घड्याळ तेवढे साडेदहा तास मागे. हिंदुस्थान शोधायला निघालेला कोलंबस त्या बेटांवर जाऊन थडकला, यात त्याचा अगदीच दोष नव्हता म्हणायचा! तिथेही नारळ आहेत आणि आपला नीरफणसही. तो १७९३ साली कॅप्टन ब्लाय याने ताहितीहून तिथे नेला. आंब्याची एक जात तर तिथे 'बॉम्बे' म्हणूनच ओळखली जाते. १८४५ पासून आपल्याकडचे मजूर करार करून तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले; त्यांची नातवंडे-पतवंडे आज तिथलीच झाली आहेत.

वादळेही तिथे तशीच. जून ते नोव्हेंबर त्यांचा हंगाम. १९८८ सालच्या गिल्बर्टने सारे बेट झोडपले होते. हे वाचताना आम्ही सगळे गप्प झालो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने आमच्या वाडीतली निम्म्याहून अधिक पोफळ एका दुपारीत आडवी केली. अण्णांनी त्या पावसाळ्यातच, सत्तरीत, नवी रोपे लावली. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होते.

म्हणून प्रवास मे महिन्यातच ठरला. त्या महिन्यात तिथे थोडा पाऊस असतो, असे मी म्हणाले; अण्णा म्हणाले, "असू दे, कसोटीलाही होता." विमान सरळ जात नाही, कुठे उतरून बदलायचे आणि वाटेतल्या देशाची परवानगी लागते का, हे हे पाहत आहेत. छप्पर आणखी दोन वर्षे ताडपत्रीवर निभेल.

आता एकच प्रश्न उरला आहे. ऐन उन्हाळ्यात बारा दिवस कोवळ्या पोफळींना पाणी कोण देणार? काल शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मी घालीन हो. पण अण्णा, येताना त्या मैदानाचा एक फोटो आणा. आमचे हे असते तर त्यांनाही दाखवला असता."

अण्णांनी आज पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला. टोपी काढायला लागली, म्हणून थोडे रुसले आहेत.