बांधीत बसलेला ट्रॅक्टर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय, थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

आमच्या बालाघाटचं नाव काढलं की पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना जंगल आणि मॅंगनीज आठवतं. धान कुणाला आठवत नाही. पण वारासिवनी, लांजी, किरनापूर, कुठेही जा, नजर पोचेल तिथवर बांधी. (बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेला शेताचा तुकडा. आमच्याकडे बांध नाही म्हणत, धुरा म्हणतात.) २०२१ मध्ये आमच्या चिन्नोर तांदळाला जीआय मिळाला तेव्हा कुठे लोक विचारायला लागले. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यं नव्याने आखली, शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पण सोयरिक, दवाखाना आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग यांच्यासाठी आमचं तोंड कायम गोंदियाकडे.

मी नागपूर विद्यापीठाचा बी.कॉम. बँकेत १९७३ ला लागलो. १९८४ मध्ये वारासिवनीकडच्या एका शाखेत कर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. नाबार्ड येऊन दोन वर्षं झाली होती, ट्रॅक्टर कर्जांना जोर होता. जमीन गहाण, ट्रॅक्टर नजरगहाण, आरसी बुकावर बँकेचं नाव, विमा, जामीनदार. फाइलीत सगळे कागद असत. बांधीत मोडून बसलेला ट्रॅक्टर रस्त्यावर कसा आणायचा, याचा कागद कुठल्याच फाइलीत नव्हता.

जुलैचा दुसरा पंधरवडा. चिखलणी जोरात. आमचा एक कर्जदार, गावाचं आणि माणसांची नावं लिहीत नाही, पुढची पिढी तिथेच नांदते आहे, पस्तीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर केजव्हील लावून नाल्याकाठच्या शेवटच्या बांधीत चालवत होता. मागच्या उजव्या चाकाचा एक्सल मोडला. चाक एक्सलचा तुकडा घेऊन बाहेर पडलं आणि ट्रॅक्टर उजव्या कुशीवर चिखलात बसला. मी पाहणीसाठी त्याच गावात होतो, म्हणून पोचलो.

नुसता मोडला असता तर एवढं काही नव्हतं. पण तो नाला पुढे वैनगंगेला मिळतो. वरती सिवनीकडे पाऊस झाला की नदी फुगते आणि नाल्याचं पाणी उलटं चढतं. तिकडे दोन दिवस झड लागलेली. शिवाय परे, म्हणजे रोपं, पंचवीस दिवसांचे झाले होते. महिना उलटला की फुटवे कमी येतात. त्याच ट्रॅक्टरच्या भाड्यावर आणखी सात-आठ घरांची चिखलणी ठरलेली, आणि त्याच भाड्यातून आमचा हप्ता यायचा.

पानठेल्यावर एकजण सहज म्हणाला, "बुडू द्या जी. विमा भेटेल."

कर्जदाराने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, खरं का जी?"

आता हे ऐका, कारण आजही लोकांना ठाऊक नसतं. पुराने वाहून गेलं, आग लागली, अपघात झाला, तर सर्वसमावेशक पॉलिसीत नुकसान मिळतं. यंत्र आपसूक मोडलं तर मिळत नाही. म्हणजे एक्सलचा खर्च त्याच्या पदरचा, पण अख्खा ट्रॅक्टर बुडाला तर विमा कंपनीचा! असं वरवर दिसतं. पण त्याच पॉलिसीत अट असते की मालकाने वाहनाची वाजवी काळजी घ्यायची. पाणी येतंय हे माहीत असून सोडून देणं काळजीत बसत नाही. मी तेवढंच सांगितलं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तसंही साहेब, पैसे येतील दिवाळीनंतर. परे आज म्हातारे होऊन राहिले."

तिथेच खोलून दुरुस्त का नाही केला, असं मीही विचारलं. मिस्त्री म्हणाला, चिखलात हाऊसिंग उघडलं तर एक्सल राहील बाजूला, आख्खा गिअरबॉक्स धुवावा लागेल. आल्याआल्या त्याने उघड्या तोंडावर प्लॅस्टिक आणि पोतं करकचून बांधलं होतं. हा मिस्त्री भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत अवजड सामान हलवून आलेला. बोलायचा कमी. पण त्या दिवशी त्याने मला जे शिकवलं ते बी.कॉम.ला नव्हतं.

ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधोमध एका खिळीवर झुलता असतो. खाचखळग्यात पुढची दोन्ही चाकं वरखाली होतात ती त्यामुळेच. म्हणजे दिसायला चार चाकं, पण आडवं कलंडायच्या हिशेबात ट्रॅक्टर तीन पायांचा, मागची दोन चाकं आणि पुढची खिळी. मागचं एक गेलं की उरले दोन. अशा वेळी घाईने जॅक लावून उचललं की तो कुठे पडेल सांगता येत नाही, आणि खाली माणूस असतो. म्हणून मिस्त्रीने आधी पुढच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकून त्याचं झुलणं बंद केलं. बाकी सगळं त्यानंतर.

मग केजव्हील काढले. निखळलेल्या चाकातलं पाणी सोडलं (वजनासाठी ट्यूबमध्ये दीड-दोनशे लिटर पाणी भरतात) आणि ते चाक सहा जणांनी लोटत वेगळं नेलं. मी म्हटलं, डाव्या चाकातलंही सोडा, तेवढंच हलकं होईल. मिस्त्री म्हणाला, "ते राहू द्या. तेच तर त्याला डावीकडे धरून ठेवते."

चिखलात जॅक खाली जातो, ट्रॅक्टर वर येत नाही. म्हणून खाली फळ्या, त्यावर छोट्या लाइनचे जुने स्लीपर, त्यावर जॅक. एक इंच उचलायचं, ठोकळा सारायचा. पुन्हा एक इंच. दीड तास हेच. शेवटी उजव्या हाऊसिंगखाली सरईचा एक लांब ओंडका सारला, पुढचं टोक नांगरासारखं वर तासलेलं, आणि तो मागे सरकू नये म्हणून साखळीने पुढे बांधला. चाकाच्या जागी घसरपट्टी.

वाट मात्र एकच होती, शेजारच्या काकूंच्या दोन बांधींतून. रोवणी झालेली. आणि त्या दोन घरांत धुऱ्यावरून तहसीलमध्ये जुना दावा. तो स्वतः गेला नाही, म्हातारी आई गेली. काकू डोक्यावर पोतं घेऊन आल्या, सगळं पाहिलं. म्हणाल्या, "धुरा फोडा. मी दाखवीन तिथंच फोडा. पाणी गेलं तर तुमच्या बांधीतून द्यायचं, मोडले तेवढे परे लावून द्यायचे." मग माझ्याकडे वळून, "साहेब आलेच आहेत तर लिहून घेऊ."

मी भर पावसात छत्रीखाली साध्या कागदावर लिहिलं. काकू सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. त्याने सही केली, काकूंनी अंगठा दिला.

पाच बैलजोड्या जुंपल्या. दुसरा ट्रॅक्टर आणला असता तर तोही बसला असता, बैलाला चिखल कळतो. साखळी पुढच्या एक्सलला, ओढ सरळ, हिसका नाही. मिस्त्री डाव्या पायदानावर उभा राहून स्टीअरिंग धरून, उडी मारता येईल असा. एक पोरगा डाव्या चाकामागे ठोकळा घेऊन सतत चालत होता. त्याचं कारण नंतर कळलं. गिअरमध्ये ठेवली की गाडी जागेवर राहते असं आपण धरून चालतो. पण एका बाजूचा एक्सल तुटला की डिफरेन्शियलमुळे आतला तुटका तुकडा उलटा फिरतो आणि चांगलं चाक मोकळं सुटतं. उतारावर गिअर धरत नाही, ठोकळाच धरतो.

काकूंच्या बांधीत ओंडका लोण्यातून जावा तसा गेला. खरा त्रास रस्त्याच्या चढाला, कोरड्या मुरमावर. तिथे तणीस ओली करून पसरली, वर चिखल टाकला, बैलांना दोनदा विसावा दिला. अडीचशे पावलांना सकाळचे आठ ते दुपारचे तीन. आता एक फोन केला की हायड्रा येते आणि माणसं मोबाइलवर शूटिंग करत उभी राहतात. त्या दिवशी बघ्या एकही नव्हता, मीसुद्धा दोरखंडाला होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकाठच्या त्या बांधीचे धुरे दिसत नव्हते.

मोहाच्या झाडाखाली ताडपत्री बांधून काम झालं. बेअरिंग आणि ऑइल सील गोंदियाहून छोट्या लाइनने आले, एक्सल नागपूरहून मागवावा लागला. सहाव्या दिवशी ट्रॅक्टर पुन्हा चिखलात. काकूंच्या बांधीत परे लावून दिले, फोडलेला धुरा बांधून दिला.

पुढच्या वर्षी कळलं की काकूंनी तो कागद तहसीलच्या दाव्यात लावला. त्यात "माझ्या मालकीचा धुरा" असे शब्द होते आणि खाली त्याची सही. त्याला विचारलं, तर तो हसत म्हणाला, "लिहून घेताना मलेही समजलं होतं साहेब. पण पाणी चढून राह्यलं होतं ना."

हप्ता फेब्रुवारीत आला, पूर्ण.