कानपूर रस्त्यावरचा ‘खट्ट’ आवाज

लखनौ म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे बडा इमामबाडा, रूमी दरवाजा आणि चिकनचे नाजूक भरतकाम उभे राहते. परंतु या नगरीला दुसरेही एक रूप आहे, आणि ते पाहावयाचे तर चारबाग स्थानकावरून कानपूरच्या दिशेने निघावयास हवे. सप्टेंबर २०१७ मध्ये लखनौची मेट्रो प्रथम सुरू झाली, ती चारबाग ते ट्रान्सपोर्ट नगर या टप्प्यावर. आलमबाग, सिंगार नगर, कृष्णा नगर ही स्थानके मागे पडली की मालमोटारींचे ट्रान्सपोर्ट नगर येते. तेथून अमौसीचा विमानतळ ओलांडून आपण सरोजिनी नगरात पोहोचतो. नाव ऐकताच सरोजिनी नायडूंचे स्मरण व्हावे हे स्वाभाविकच. स्वतंत्र भारतात या प्रांताच्या त्या पहिल्या राज्यपाल होत्या, आणि २ मार्च १९४९ रोजी लखनौतच त्यांचे निधन झाले.

सरोजिनी नगर ही मात्र कवितेपेक्षा कारखान्यांची वस्ती. १९७२ साली स्थापन झालेल्या ‘स्कूटर्स इंडिया’ या सरकारी कंपनीने इटलीतील मिलान शहरच्या इनोचेंती कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेऊन ती येथे उभारली. ‘विजय सुपर’ स्कूटर येथलीच, आणि तीनचाकी ‘विक्रम’ही येथलीच. १९९७ मध्ये स्कूटरचे उत्पादन थांबले आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. पुढे २०२३ साली अशोक लेलँडने विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांच्या कारखान्यासाठी उत्तर प्रदेश शासनाशी करार केला, आणि त्यासाठी निवडली गेलेली जागा याच जुन्या आवारातली होती.

कारखाने येतात आणि जातात. रस्त्यावरची जुनी गाडी मात्र चालतच राहते. पुण्यात तयार झालेली टाटांची सुमो असो, मुंबईकर महिंद्रांची जीप असो, की वीस वर्षे ओझे वाहिलेली मालमोटार असो, अशी गाडी फाटकापाशी थांबून पुन्हा निघताना आपण कान दिलात, तर तिच्या पोटातून एक आवाज ऐकू येण्याचा संभव आहे: ‘खट्ट!’ गिअर टाकून क्लच सोडताच एकदा. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताच पुन्हा एकदा. मालक म्हणतो, ‘जुनी गाडी, आवाज करायचीच.’ हे समाधान फसवे आहे. तो आवाज का होतो, हे पाहू या.

इंजिनाची शक्ती गिअरपेटीतून निघते, प्रोपेलर शाफ्ट नावाच्या लांब नळीवाटे मागे जाते आणि डिफरन्शियलमधून चाकांना मिळते. मागचा ॲक्सल पाट्यांवर सतत वरखाली होत असल्याने ही नळी दोन्ही टोकांशी वाकती हवी. म्हणून तेथे अधिक चिन्हाच्या आकाराचा ‘क्रॉस’ बसवतात. या सांध्याशी सोळाव्या शतकातील कार्डानो याचे नाव जोडले गेले आहे. तो पाव्हियात जन्मला आणि मिलानमध्ये राहिला. ज्या नगरातून पुढे सरोजिनी नगरला यंत्रे आली, तेच हे मिलान. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच सांध्याचा शास्त्रीय विचार मांडला.

क्रॉसच्या चार टोकांवरील कपांत सुयांसारखे बारीक रूळ असतात. ग्रीस आटले की ते झिजतात आणि फट पडते. नळीची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या स्लिप जॉइंटचे दातही असेच झिजतात. मग शक्ती आली तरी एक भाग क्षणभर थांबतो, पुढचा त्याची वाट पाहतो, आणि नंतर दोघे एकदम आदळतात. लखनौची ‘पहले आप, पहले आप’ ही रीत माणसांत शोभून दिसते. गाडीच्या सांध्यांत ती शिरली की मात्र ‘खट्ट’ आवाज येतो.

दोष कोठे आहे हे आवाजाच्या वेळेवरून काहीसे उमगते. निघताना किंवा पुढून मागे गिअर बदलताना एकच ठोका पडत असेल, तर क्रॉस, स्लिप जॉइंट किंवा डिफरन्शियलमधील ढिलाईचा संशय घ्यावा. सावकाश चालताना चिमणीसारखी चिवचिव ऐकू आली, तर क्रॉस कोरडा पडला असावा. ओझे असताना किंवा ब्रेक दाबताना ठोका येत असेल, तर पाट्यांचे यू-बोल्ट, शॅकलचे बुश आणि गिअरपेटीखालचे रबर पाहावे. वेगात असताना थरथर जाणवली, तर शाफ्टचा तोल किंवा मधले बेअरिंग तपासावे.

तपासणीपूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना पुढून व मागून उटी लावावी, इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. जुन्या जीपगाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीच्या मागे, शाफ्टवर असे. शाफ्ट उतरवला की तो ब्रेक निरुपयोगी ठरतो आणि गिअरमध्ये ठेवलेली गाडीदेखील घरंगळू लागते.

मग न्यूट्रलमध्ये, शाफ्टवरचा ब्रेक असल्यास तो सोडून, जॉइंटच्या दोन्ही बाजू हातांत धराव्यात व परस्परविरुद्ध पिळून पाहाव्यात. एक बाजू हलते आणि दुसरी स्वस्थ राहते, असे दिसले तर क्रॉस बदलण्याची वेळ झाली. कपांभोवती गंजाची तांबूस पूड दिसणे, हीदेखील तीच खूण. दोन्ही बाजू एकत्र थोड्या फिरून थांबत असतील, तर ती डिफरन्शियलमधली फट होय. दातांना फिरण्यापुरती जागा लागतेच. म्हणून थोडी हालचाल दिसताच सबंध डिफरन्शियल खोलण्याचा खर्च अंगावर घेऊ नये. आधी स्वस्त भाग तपासावेत, महागाचा विचार नंतर.

शाफ्ट काढण्यापूर्वी सांध्याच्या दोन्ही बाजूंना रंगाची खूण करावी, हे सांगावयास नकोच. पण हीच गोष्ट घाईत राहून जाते. एकच सांधा कोनात फिरला, तर दर फेऱ्यात त्याची गती दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. दुसऱ्या टोकाचा सांधा ही उणीव भरून काढतो. मात्र त्यासाठी नळीच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. स्लिप जॉइंट एक-दोन दात चुकवून बसवला, तर ठोका जाईल आणि त्याच्या जागी थरथर येईल. नवे कप सरळ दाबून बसवावेत, म्हणजे आतले रूळ आडवे पडत नाहीत. चारही टोकांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. स्लिप जॉइंटचे दात झिजले असतील तर मात्र तो भागच बदलावा. झिजलेले लोखंड ग्रीसने भरून येत नाही.

दुर्लक्ष केल्यास काय होते? क्रॉस एक दिवस तुटतो. मागचा तुटला तर शाफ्टचे सुटलेले टोक रस्त्यावर घासत जाते. पुढचा तुटला तर ते डांबरात रुतून गाडीच उचलू शकते. शाफ्टभोवतीचे लोखंडी कडे याच आपत्तीसाठी असते. दुरुस्तीच्या वेळी ते अडचणीचे वाटून काढून टाकलेले असल्यास पुन्हा बसवून घ्यावे.

अशी गाडी कोणाच्या तरी घरची कमावती असते. तिच्या हप्त्यांवर मुलांची शाळा आणि घरातले दळण अवलंबून असते. आणि चालक रात्री घरी परततो की नाही, हेही तिच्यावरच. क्रॉस आणि ग्रीस यांचा खर्च या साऱ्यापुढे किरकोळ आहे. उद्या सरोजिनी नगरच्या रस्त्याने विजेच्या गाड्या धावतील. इंजिनाची धडधड थांबेल, पण शक्ती चाकांपर्यंत नेणारे सांधे राहतीलच. तेव्हा, वाचकहो, आपली गाडी निघताना एकदा खिडकीची काच खाली करा आणि ऐका. आवाज आलाच, तर पुढच्या खेपेची वाट न पाहता त्याच आठवड्यात मेस्त्रीकडून सांधे पिळून पाहून घ्या.